टेकूला चालतील अशी फुलं

रोपवाटिकेत सगळे त्यांना वहिनी म्हणत. मालक त्यांचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून टेम्पोवाला म्हणायला लागला आणि टेम्पोवाल्याचं ऐकून गिऱ्हाइकं. आता सत्तरी गाठलेली माणसंसुद्धा फाटकातून आत शिरता शिरता "वहिनी आहेत का?" असंच विचारायची. नवरा गेल्यावर दिराने त्यांना गोदामावरची खोली दिली आणि हंगामी फुलांचे वाफे त्यांच्या हवाली केले. त्याला चौदा वर्षं झाली होती. त्या चौदा वर्षांत वहिनींनी खोटं सांगून एकही रोप विकलं नव्हतं. "हे तुमच्या गॅलरीत जगायचं नाही, उगाच जीव घ्याल त्याचा," असं तोंडावर सांगून त्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. दीर कपाळाला हात लावायचा. पण तेच गिऱ्हाईक महिन्याभराने चार ओळखीच्यांना घेऊन यायचं, म्हणून तो काही बोलायचा नाही.

मोजणीदार आले तेव्हा उन्हाचा जोर ओसरला होता आणि रस्त्याकडेची झाडं पानं टाकू लागली होती. चाळीस वर्षं जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी खिशात टेप असायचा आणि ओळखीचे लोक अजून मोजणीदारच म्हणायचे. त्यांनी वही उघडून वहिनींसमोर धरली. पानावर पट्टीने आखलेला वाफा होता. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, मागे खिडकी, खिडकीच्या कठड्यापासून जमिनीपर्यंतची उंची, सकाळचं ऊन कुठून कुठे सरकतं त्याचे बाण. खाली एकच ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली: कुत्र्याने खाल्लं तरी चाललं पाहिजे.

बाकीचं बोलता बोलता कळलं. त्यांची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेली. "सगळ्या गावाला हिचा आवाज ओळखीचा होता, चेहरा कुणालाच ठाऊक नाही," मोजणीदार म्हणाले. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. किती समजतं, किती नाही, हे डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही. खिडकीशी लावलेल्या पलंगावर ती दिवस काढायची आणि सोबतीला कुत्रा असायचा. तो कुणाच्याही जवळ गेला की पोटरीला अंग लावून सगळा भार टाकून उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव टेकू. झटक्यानंतर मोजणीदारांनी खिडकीखालची सगळी झाडं उपटून टाकली होती. टेकूला दिसेल ते तोंडात घालायची खोड होती आणि दोघांवर डोळा ठेवायला घरात माणूस एकटा. दोन वर्षं ती बाई उघडी जमीन बघत पडली होती. शेवटी तिच्या डॉक्टरांनीच सुचवलं, निदान नजरेला तरी काहीतरी द्या.

वहिनींनी हे काम मनावर घेतलं. त्या हंगामात सगळ्यात बहरलेली असते ती शेवंती, आणि मोजणीदारांची पावलं आपसूक तिकडेच वळली. वहिनींनी त्यांना बाजूला घेतलं. शेवंती चघळली तर कुत्र्याला उलट्या होतात, लाळ गळते. डेलियाही नको. सायक्लामेन दिसायला गोंडस, पण त्याचा कंद वाईट. आणि कोपऱ्यातल्या त्या केशरासारख्या दिसणाऱ्या जांभळ्या फुलाच्या तर जवळही जायचं नाही, त्याचा कंद माणसालाही सोडत नाही. कुंपणाला कण्हेर आहे का, असेल तर आधी ती काढा, असंही त्यांनी बजावलं. मोजणीदारांनी कण्हेर दोन वर्षांपूर्वीच मुळासकट खणून काढली होती. तरी त्यांनी ते लिहून घेतलं.

मग चालणारी फुलं निघाली. मागच्या रांगेत कोंबडा, त्याच्या पुढे झिनिया, मग अ‍ॅस्टर, अगदी पुढे पॅन्सी. आणि मधल्या भागाला उंच दांड्यांचं डॉगफ्लॉवर.

"नावातच कुत्रा आहे आणि कुत्र्याला चालतं," वहिनी म्हणाल्या. "नावाला जागणारं एवढं एकच रोप आहे बघा माझ्याकडे."

मोजणीदार त्या दिवसात पहिल्यांदा हसले. यादी घेऊन ते कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांच्याकडून एकेका नावापुढे बरोबरची खूण करून आणली आणि दुसऱ्या दिवशी परत आले. एवढं काटेकोर गिऱ्हाईक वहिनींना आवडायचं. लावायला मी स्वतः येते, त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी टेम्पोतून साठ रोपं आणि मातीची दोन पोती घेऊन त्या मोजणीदारांच्या घरी पोचल्या. मातीचं मिश्रण दिराने त्या हंगामात बदललं होतं. शेणखत आणि नारळाचा भुसा नेहमीचेच, पण आता त्यात एरंडीची पेंड आणि हाडांचा चुराही असायचा. पेंड म्हणजे एरंडीचं तेल काढल्यावर उरणारा चोथा. त्याने फुलं लवकर येतात आणि टपोरी येतात. मिसळायचं काम वहिनींचंच होतं. शिवाय त्या दिवशी त्यांनी एक पिशवीभर नुसती पेंड आणि चुरा वेगळा आणला होता, प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक मूठ जास्तीची टाकायला. असं त्या फार थोड्यांसाठी करायच्या.

काम सुरू करण्याआधी त्या आत गेल्या आणि मोजणीदारांच्या बायकोच्या, काकूंच्या पलंगापाशी बसल्या. काकूंचा चेहरा एका बाजूला ओघळलेला होता, पण डोळे जागे होते, समोरच्याचं बोलणं पकडून ठेवणारे. वहिनींनी एकेक रोप खिडकीत धरून दाखवलं. जांभळं अ‍ॅस्टर आलं तेव्हा काकूंनी डावा हात उचलला आणि खिडकीच्या ज्या कोपऱ्यात ते हवं होतं तो कोपरा बोटाने दाखवला. वहिनींनी ते तिथेच लावलं. मोजणीदार दारातून बघत होते. ती अशी निवड करते हे त्यांना नवीन होतं. दोन वर्षांत त्यांनी बायकोच्या सगळ्या मागण्या चारात बसवल्या होत्या: पाणी, औषध, शौचाचं भांडं आणि पडदा. हात हलला की या चारांपैकी काहीतरी करायचं आणि हात थांबला की समजायचं बरोबर ओळखलं.

दुपारपर्यंत वाफा भरला. टेकू पूर्ण वेळ वहिनींच्या पोटरीला टेकून होता. त्या पिशवीला भाजल्यासारखा खमंग वास होता आणि तो सारखं नाक आत खुपसत होता. "हो बाजूला, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं," असं म्हणत वहिनींनी त्याला दोनदा कोपराने ढकललं. जाताना त्यांनी खिडकीकडे वळून पाहिलं. काकू फुलांकडे बघत होत्या. त्या रात्री वहिनींना छान झोप लागली.

शनिवारी मोजणीदार रोपवाटिकेत आले ते वर्तमानपत्रात पाच फुलं गुंडाळून. दाढी वाढलेली होती. टेकू काल पहाटे गेला, त्यांनी सांगितलं. मंगळवारी दुपारी त्याच्या नाकाला माती लागलेली दिसली, एक अ‍ॅस्टर उपटून पडलं होतं. त्यांनी त्याचं तोंड धुतलं आणि रोप परत लावलं. बुधवारी उलट्या सुरू झाल्या, मग रक्त पडायला लागलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, काहीतरी विषारी पोटात गेलंय एवढं ते म्हणाले, पण काय ते सांगता येईना. शुक्रवारी पहाटे पलंगाखाली, काकूंच्या लोंबत्या हाताजवळ तो गेला. मोजणीदारांनी त्याला घरामागे पुरलं. ते भांडायला आलेच नव्हते. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की या पाचांतलं कुठलं फूल.

वहिनींनी एकेक फूल हातात घेऊन पाहिलं.

"यातलं एकही नाही, काका," त्या म्हणाल्या. "याने पोटसुद्धा दुखायला नको."

"डॉक्टरही तेच म्हणतात." मोजणीदारांनी कागद परत गुंडाळला. मग ते म्हणाले, की बायकोनं तर वेड्यासारखं चालवलंय. सारखी खिडकीबाहेर बोट करते आणि अंगठा बोटांवर चोळते. त्यांना वाटलं, तिला टेकूच्या मातीला हात लावायचा असेल. म्हणून पुरलेल्या जागेवरची चिमूटभर माती त्यांनी कागदावर नेली. तिने फटकन उडवली. "फुलं दाखवली तर बघत नाही. नुसती माती माती करते."

अंगठा बोटांवर कसा चोळते ते त्यांनी करून दाखवलं. माती चिमटीत घेऊन भुसभुशीत आहे का ते बघताना वहिनी दिवसातून पन्नास वेळा तसं करायच्या. त्या पेंडीच्या पिशवीतून मूठ भरून बुडाशी टाकताना सोमवारी त्यांनी साठ वेळा तसंच केलं होतं, आणि काकू खिडकीतून बघत होत्या.

माहेरी त्यांच्या वडिलांकडे एरंडीची पेंड असायची. वडील ते पोतं तुळईला टांगून ठेवायचे आणि गाईच्या गोठ्यात कधी येऊ द्यायचे नाहीत, जनावराला ती चालत नाही म्हणून. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनींना ती माहीत होती. पण विष म्हटलं की त्यांनी पानं तपासली, कंद तपासले, फुलं तपासली. खताकडे विष म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि वर हाडांचा चुरा मिसळून ते कुत्र्याला आवडेल असंही करून ठेवलं होतं.

हे सगळं त्या क्षणी सांगता आलं असतं. मोजणीदार समोरच उभे होते.

"म्हणजे मग कुणीतरी घातलं त्याला," मोजणीदार सावकाश म्हणाले. "शेजारच्या चष्मेवाल्याला त्याच्या भुंकण्याचा त्रास व्हायचा. दोनदा येऊन बोलून गेलाय."

वहिनींनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. चौकशी करते, एवढंच पुटपुटल्या आणि पाण्याच्या नळाकडे वळल्या. मोजणीदार फाटकातून बाहेर गेले.

ते गेल्यावर वहिनी गोदामात शिरल्या. पेंडीची रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती. त्यांनी एक उलगडून पालथं केलं. ज्या बाजूने ते उघडायचे तिच्या मागच्या बाजूला, खाली, बारीक अक्षरात छापलेलं होतं: पाळीव जनावरांपासून दूर ठेवा, पोटात गेल्यास घातक. वहिनींनी ते तीनदा वाचलं.

दिराला त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. तो हिशोबी होता, पण वाईट नव्हता. त्याचा चेहराही उतरला. त्याने पोतं पाहिलं, उरलेलं मिश्रण झाकून ठेवायला सांगितलं आणि मग खुर्ची ओढून वहिनींसमोर बसला. कुत्रं तर गेलं, ते काही परत येणार नाही. तुम्ही जाऊन सांगितलंत तर त्या म्हाताऱ्याचं दुःख कमी होणार आहे का? उलट ज्या बाईने एवढ्या मायेनं बाग लावली तिनेच विष घातलं, हे ओझं त्याच्या डोक्यावर येईल. आणि इथे आठ माणसांची चूल या फाटकावर पेटते.

"पुढच्या मिश्रणात पेंड घालायची नाही, बस," दीर म्हणाला. "गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही, वहिनी."

वहिनींना ते पटलं असं नाही, पण पटवून घेतलं. रविवार गेला, सोमवार गेला. त्या वाफ्यांना पाणी घालत होत्या, रोपं विकत होत्या, आणि कुणी कुत्र्याचं नाव काढलं की दुसऱ्या वाफ्याकडे वळत होत्या. मंगळवारी टेम्पोवाला मोजणीदारांच्या गल्लीत कुंड्या टाकून आला आणि त्याने येऊन सांगितलं, तिथे काल मोठा तमाशा झाला म्हणे. मोजणीदारांनी भर रस्त्यात चष्मेवाल्याची कॉलर धरली. आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नव्हतं असा माणूस, त्याने सगळ्यांसमोर त्याला कुत्रामाऱ्या म्हटलं. संध्याकाळी कुणीतरी चष्मेवाल्याच्या दुकानाच्या काचेवर दगड टाकला.

वहिनींनी हातातली झारी खाली ठेवली. पायात चपला सरकवल्या आणि तशाच, मातीच्या हातांनी निघाल्या. दिराने मागून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मोजणीदारांनी दार उघडलं आणि त्यांना आत घेतलं. त्यांना वाटलं वहिनी भेटायला आल्या. वहिनी बसल्या नाहीत. पलंगाजवळ गेल्या. खिडकीबाहेर फुलं डवरली होती, एवढी की रोपवाटिकेतसुद्धा इतकी नव्हती. जांभळं अ‍ॅस्टर काकूंनी दाखवलेल्या कोपऱ्यात गच्च फुललं होतं. वहिनी वाकल्या आणि मोजणीदारांशी नाही, काकूंशी बोलल्या.

"काकू, तुम्ही मातीच म्हणत होतात ना? मी बुडाशी टाकत होते ती. टेकूने तीच खाल्ली."

काकूंचे डोळे त्यांच्यावर स्थिरावले. मग डावा हात वर आला आणि पलंगाच्या कठड्यावर एकदा, जोरात आपटला. तो पुन्हा उचलला गेला नाही.

वहिनींनी सगळं सांगितलं. पेंड काय असते, वडील ती का टांगून ठेवायचे, पोत्याच्या मागे काय छापलेलं होतं. शनिवारीच आपल्याला कळलं होतं आणि तरी आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं. चष्मेवाल्याचा यात काडीचाही संबंध नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी रडू येऊ दिलं नाही. इथे रडायचा हक्क आपला नाही, असं त्यांना वाटत होतं.

मोजणीदार वहिनींकडे बघतच नव्हते. बायकोच्या हाताकडे बघत होते.

"तू पाहिलंस," ते तिला म्हणाले. "मंगळवारी. तो खात होता आणि तू पाहत होतीस."

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले.

मग मोजणीदारांना एकेक आठवायला लागलं आणि ते मोठ्याने बोलत गेले, जणू वहीत उतरवून घेत आहेत. मंगळवारी दुपारी ते स्वयंपाकघरात होते. कठड्यावर हात आपटल्याचा आवाज आला. ते आले आणि त्यांनी तिला पाणी पाजलं. ते गेले, परत आवाज. त्यांनी भांडं दिलं. परत आवाज. त्यांनी औषधाची वेळ पाहिली. तरी ती थांबेना. तेव्हा त्यांना वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय.

"मी पडदा ओढला," मोजणीदार म्हणाले. "तिने हात खाली ठेवला. मला वाटलं, बरोबर ओळखलं."

ते पलंगाच्या कडेला बसले. वहिनींना वाटलं ते आता ओरडतील, हाकलून देतील. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, ती माती अजून तिथे ठेवली तर काय होईल. वहिनी म्हणाल्या, भटकी कुत्री येतात, मांजरं येतात, ती काढायलाच हवी. मोजणीदारांनी मान हलवली.

"काढा," ते म्हणाले. "सगळी. आणि मग जा."

वहिनींनी दुपारभर खणलं. साठच्या साठ रोपं उपटली, त्यांच्या मुळांशी ती काळी माती घट्ट धरलेली होती, म्हणून एकही वाचवता आलं नाही. दीड फूट खोल माती काढून पोत्यांत भरली, पोत्यांची तोंडं दोरीने आवळली. काकू खिडकीतून बघत होत्या. या वेळी पडदा कुणी ओढला नाही. संध्याकाळी वाफ्याच्या जागी बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद खड्डा उरला. पोती न्यायला वहिनींनी टेम्पोवाल्याला फोन केला. मालकाने नाही म्हटलंय, तो चाचरत म्हणाला, आणि तरी आला.

मोजणीदार त्या दुपारी चष्मेवाल्याच्या दाराशी गेले होते. दार उघडलं नाही. ते पायरीवर उभे राहिले, परत आले. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः त्याच्या दुकानात गेल्या. काचेला चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्म्याची काच पुसत.

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "गल्लीला कोण सांगणार?"

वहिनींनी गल्लीला सांगितलं. एका टोकापासून सुरुवात केली आणि चोवीस घरांची दारं वाजवली. कुत्रं माझ्या खताने गेलं, चष्मेवाल्याने काही केलेलं नाही. काहींनी दार अर्धवट उघडून ऐकलं. एका बाईने विचारलं, मग तुम्ही इतके दिवस काय करत होतात? तरी त्या पुढच्या दाराशी गेल्या.

मग त्यांनी रोपवाटिकेची नोंदवही काढली. मोजणीदारांचं घर सोडून त्या हंगामात ती माती आणखी सोळा घरी गेली होती. दिराने वहीवर हात ठेवला. एका घरचं झालं ते झालं, म्हणाला, सोळा घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर उद्या फाटकात कुणी पाय ठेवणार नाही. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. तो चौदा वर्षं त्यांचा आधार होता, आणि त्यांना त्याचा राग येत नव्हता.

"भाऊजी, तुम्ही बरोबर असाल," त्या म्हणाल्या. "पण मला आता गप्प बसता यायचं नाही."

सोळा घरांना त्यांना पाच दिवस लागले. नऊ घरी जनावर नव्हतं. पाच घरी होतं. तिथे त्यांनी उभं राहून माती काढून घेतली, काहींनी शिव्या घातल्या, काहींनी आभार मानले. एका घरी कुलूप होतं, ते पाचव्या दिवशी उघडलं आणि तिथलीही माती काढली. आणि एका घरी, वळणावरच्या दुमजली घरात, म्हातारी कुत्री दोन आठवड्यांपूर्वीच मेली होती. वयामुळे गेली, असं ते लोक धरून चालले होते. रक्त पडत होतं का, वहिनींनी विचारलं. घरातल्या मुलीने हो म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून वहिनींना वाटलं, हिला न सांगितलं असतं तर बरं झालं असतं का?

महिन्याअखेर त्यांनी गोदामावरची खोली सोडली. दिराने जा म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही. जाऊबाई दारात आली, डोळे पुसत उभी राहिली. वहिनींना एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम मिळालं, चादरी आणि गाऊन इस्त्री करायचं. तिथे सगळं वाफेने भरलेलं असायचं आणि मातीचा वास कुठेच नव्हता.

थंडी पडली तेव्हा मोजणीदारांचा निरोप आला. या म्हणून नव्हता, "तिला तुम्हाला बघायचंय" एवढाच होता. वहिनी सुट्टीच्या दिवशी गेल्या. खिडकीखालचा खड्डा बुजवलेला होता, त्यावर फरशा बसवल्या होत्या, काटकोनात, एकसारख्या. काकूंच्या मांडीवर एक लाकडी फळी होती. मोजणीदारांनी ती स्वतः आखली होती. चौकोनाला चौकोन जोडून, प्रत्येकात एक अक्षर, कडेला मात्रा आणि वेलांट्या. मधे एका चौकोनात त्यांनी 'पडदा नको' असं पूर्ण लिहिलं होतं. काकू बोट ठेवायच्या आणि मोजणीदार अक्षर जोडत वाचायचे. दिवसाला वीसेक शब्द होतात, ते म्हणाले. हे त्यांनी वहिनींकडे न बघता सांगितलं. बसा म्हटलं नाही. वहिनी स्वतःच स्टूल ओढून बसल्या.

काकूंचं बोट हळूहळू सरकलं. मोजणीदार जमिनीचे आकडे वाचावेत तसं, आवाजात काही न आणता वाचत गेले.

"उशीर केलात."

"हो," वहिनी म्हणाल्या. "केला."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते डोळे मऊ नव्हते, कठोरही नव्हते. मग बोट परत फळीवर आलं. या वेळी जास्त वेळ लागला, एका वेलांटीला ते चुकलं, मागे आलं. मोजणीदार थांबले, वाट पाहिली, आधीच ओळखून पुढचं अक्षर म्हटलं नाही.

"आता कुठे असता?"

वहिनींनी सांगितलं. धुलाईखाना, चादरी, सकाळची पाळी, यायला जायला दोन बस. काकू ऐकत होत्या. खोलीत थंडी होती आणि पलंगाखाली टेकूची पाण्याची वाटी अजून तशीच होती, कोरडी. काकूंनी आणखी काही विचारलं आणि वहिनींनी त्याचंही उत्तर दिलं. मोजणीदार मधे उभे राहून एकेक अक्षर वाचत होते. अंधार पडायला लागल्यावर वहिनी उठल्या. पुन्हा या असं कुणी म्हटलं नाही. मोजणीदार दारापर्यंत आले, कडी काढली आणि त्या पायऱ्या उतरेपर्यंत दिवा लावून उभे राहिले.